मोठ्या पाण्याची होडी

भिवंडीचे नाव निघाले की यंत्रमागांचा अहोरात्र खडखडाट, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, माणकोली या गावांच्या शिवारांत उभी राहिलेली गोदामे आणि त्यांच्या दारांशी तिष्ठणाऱ्या मालमोटारींच्या रांगा यांचेच चित्र आज मनासमोर येते. परंतु ज्या शहरातील एका वस्तीस अद्यापि बंदर मोहल्ला म्हणून ओळखतात, ज्याच्या कडेने कामवारी नदी वाहते आणि ज्याच्या तालुक्याची दक्षिणेकडील हद्द उल्हास नदीच्या, म्हणजेच पुढे वसईची म्हणून नावाजलेल्या खाडीने आखून दिलेली आहे, त्या शहराचे पाण्याशी नाते मागाच्या धोट्याहून कितीतरी जुने आहे. या खाडीच्या काठी, कशेळी-काल्हेरपासून खारबावच्या बाजूपर्यंत, कोळी व आगरी समाजाची जी घरे आहेत, त्यांतील पुष्कळांच्या ओसरीवर पाग आणि बोकशी ही खाडीतली जाळी आजही टांगलेली दिसतात, आणि कोळंबी, चिंबोरी, निवटी, बोय, शिंगाळी, भाग्य असेल तर एखादा जिताडा, हे त्या जाळ्यांचे परंपरागत उत्पन्न होय.

हे उत्पन्न आटत चालले आहे. कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी, वर्षानुवर्षे चाललेला रेतीचा उपसा आणि काठची बुजविली गेलेली पाणथळ जमीन यांमुळे खाडीतल्या जीवांची पैदासच घटली, तेव्हा ज्याला हा धंदा सोडून गोदामाच्या पाळीवर जावयाचे नाही, त्याला एकच वाट उरते, आणि ती म्हणजे भाईंदरच्या रेल्वेपुलांखालून, वसईचा किल्ला उजव्या हातास ठेवून, खाडीच्या मुखाबाहेर मोठ्या पाण्यात जाण्याची. त्यासाठी खाडीतली लहान होडी उपयोगाची नाही, हे कोणालाही सांगावे लागत नाही. प्रश्न पडतो तो पुढचा. किनाऱ्यावरच्या एखाद्या बंदरात जुन्या सातपाटी-वसई घाटाची, सागाच्या फळ्यांची, चाळीस फुटांच्या आसपासची एक लाकडी बोट विकावयाची असते. त्याच रकमेत थोड्या कर्जाची भर घातल्यास तीस-बत्तीस फुटांची नवी फायबरची बोटही मिळू शकते. आणि या दोहोंत कोणती घ्यावी याचा खल घरातल्या वडीलधाऱ्यांपासून धाकट्या भावापर्यंत सर्वांच्या तोंडी महिनोन्‌महिने चालतो. या निवडीत गुंतलेल्या गोष्टी बाहेरच्या माणसास वाटतात त्याहून फार खोल आहेत, आणि त्यांचा विचार भिवंडीच्या काठी प्रथमच होत आहे असेही नव्हे.

२४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण व भिवंडी ही दोन्ही ठाणी शिवाजी महाराजांच्या अंमलाखाली आली, आणि त्यानंतर लवकरच या खाड्यांच्या आश्रयाने मराठ्यांच्या आरमाराची जहाजे बांधण्यास आरंभ झाला. जागेची ही निवड विचारपूर्वक झालेली होती. उल्हासच्या व तिला मिळणाऱ्या भातसा-काळूच्या खोऱ्यांतून सागाचे लाकूड खाली आणता येत होते. खाडी आतवर शिरलेली असल्याने वादळी वाऱ्याचा उपद्रव नव्हता. आणि तराफ्यावर लाकूड आणावे, तेथेच घडवावे व भरतीच्या पाण्यावर जहाज लोटावे अशी सर्व सोय एकाच काठी जमून आली होती. अडचण होती ती एवढीच, की खाडीचे तोंड पोर्तुगीजांच्या वसईच्या ताब्यात होते. १६५९ साली रुय लैतांव व्हियेगस आणि त्याचा पुत्र फेर्नांव हे पोर्तुगीज कारागीर आपल्या सुमारे ३४० माणसांसह या कामी राबत असता वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फितवून काम सोडून जाण्यास लावले, आणि उरलेले काम येथल्याच हातांना पुरे करावे लागले, ही हकीकत इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. मला तिच्यात रस वाटतो तो यासाठी, की ज्या खाडीचे मुख परक्याच्या नजरेखाली आहे, जिच्यात ओहोटीला गाळ उघडा पडतो आणि जिच्या बाहेर मात्र अथांग अरबी समुद्र आहे, अशा ठिकाणी कोणत्या घाटाचे जहाज बांधावे हा प्रश्न त्या कारखान्यातही सुटावा लागला असला पाहिजे.

त्या काळच्या आरमारात दोन जहाजांची नावे सदैव जोडीने येतात, गुराब आणि गलबत. १७६३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध करणारा रॉबर्ट ऑर्म याने दोहोंचे जे वर्णन केले आहे, त्यावरून गुराब ही बहुधा दोन, क्वचित तीन डोलकाठ्यांची, लांबीच्या मानाने पुष्कळ रुंद आणि तरीही पाण्यात थोडकीच बुडणारी होती, तर गलबत हे त्याच घाटाचे परंतु लहान, वजनास हलके आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांनी वारा पडला असताही चालविता येणारे होते. मोठ्या तोफा गुराबेवर असत. शत्रूच्या जहाजाशी भिडून त्यावर माणसे चढविण्याचे आणि निवांत हवेत गुराबेला दोर लावून ओढून नेण्याचे काम गलबते करीत. या दोहोंविषयी रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात जी तजवीज सांगितली आहे, ती तर आजच्या नाखव्यानेही ध्यानी धरावी अशी आहे. गुराबा फार थोर नसाव्यात, फार लहानही नसाव्यात, मध्यम असाव्यात, गलबतेही तशीच करावीत, आणि वाऱ्यावाचून ज्यांचे काम अडते अशी अवजड जहाजे बांधण्याचे प्रयोजन नाही, असा त्या उपदेशाचा आशय आहे. युरोपियनांची उंच, खोल बुडीची, तोफांनी लादलेली जहाजे दररोज डोळ्यांपुढे असता हा निर्णय घेण्यास धैर्य लागते. आपला समुद्र कोणता, आपली बंदरे कशी, आपल्यापाशी माणसे किती, हे आधी पाहून मग जहाजाचे माप ठरविणारी ही दृष्टी आहे, आणि मासेमारीच्या होडीला ती तोफांच्या गुराबेहून अधिक लागू पडते.

मोठे पाणी म्हटले की मोठी बोट, असे समीकरण नवख्याच्या मनात सहज तयार होते. ते सर्वस्वी खोटे नाही. बाहेरच्या समुद्रात दोन लाटांच्या माथ्यांमधले अंतर लांब असते आणि लांब बोट त्या लाटांवर शांतपणे चढते-उतरते. परंतु भिवंडीच्या बाजूने निघणाऱ्या माणसाची खरी परीक्षा भर समुद्रात होत नाही, ती खाडीच्या मुखाशी होते. पावसाळा सरल्यावर दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो. त्याच वेळी ओहोटी लागलेली असेल, तर साऱ्या खाडीचे पाणी पश्चिमेकडे ओढीने बाहेर पडत असते. वारा एकीकडून आणि पाणी दुसरीकडून अशी गाठ उथळ जागी पडली म्हणजे लाटा आखूड, उभ्या आणि एकामागोमाग एक येतात. अशा पाण्यात बोटीची नाळ उंच नसेल तर लाट सरळ आत येते. आणि बोट नको तितकी हलकी असेल तर ती लाटेच्या माथ्यावरून पुढच्या खळग्यात आपटते व आतल्या माणसांचे हाडन्‌हाड खिळखिळे करते. जुन्या लाकडी बोटीचे वजन येथे तिला उपकारक ठरते. तिचे डोलणे मंद असते, आणि मंद डोलणाऱ्या फळीवर उभे राहून जाळे ओढणारा खलाशी दिवसाअखेर कमी थकतो. समुद्रावर थकव्यानेच अपघात होतात, हे जाणत्या तांडेलांचे मत मला पूर्णपणे मान्य आहे.

तथापि वजनाची किंमतही त्याच खाडीत मोजावी लागते. कशेळीपासून खाडीचे मुख सुमारे पंचवीस-तीस किलोमीटरांवर आहे. उधाणाची भरती या किनाऱ्यावर पाच मीटरच्या आसपास चढते आणि उतरली म्हणजे काठचे विस्तीर्ण चिखलपट्टे उघडे टाकते. ज्या बोटीची बुडी अधिक, तिला भरतीचे पाणी धरूनच निघावे लागते आणि भरतीचे पाणी धरूनच परतावे लागते. मासळी ताजी असताना ती बाजारात पोहोचवावयाची असेल आणि नेमके भांगाचे, म्हणजे कमी भरतीचे दिवस असतील, तर अवजड बोटीचा तांडेल खाडीच्या तोंडाशी पाण्याची वाट पाहत तासन्‌तास नांगर टाकून बसतो. म्हणून येथील काही जण बोट घरच्या काठी न आणता नायगाव, पाचूबंदर किंवा उत्तन अशा मुखाजवळच्या ठिकाणी ठेवण्याचा विचार करतात. त्यात डिझेल वाचते, परंतु बोटीवर रात्रीची नजर ठेवण्यास कोणी लागतो, जाळी विणणारी आणि मासळी विकणारी घरची बाई बंदरापासून दूर पडते, आणि परक्या गावच्या बंदरात जागा मिळविण्यास तेथील समाजाची मुभा लागते. बोट कोणती हे ठरविण्यापूर्वी ती कोठे बांधावयाची हे ठरले पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन; पुष्कळ घरांत हा क्रम उलटा होतो आणि मग पश्चात्ताप होतो.

यानंतर जाळ्याचा विचार येतो, आणि माझ्या मते निर्णयाचे निम्मे ओझे त्यानेच उचलले पाहिजे. वसई, उत्तन, वर्सोवा या पट्ट्यात डोल हे जाळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. समुद्राच्या तळाशी खुंट ठोकून किंवा नांगर टाकून त्यास बांधलेले हे प्रचंड पिशवीसारखे जाळे प्रवाहाकडे तोंड करून उभे राहते, पाण्याची ओढच मासळी आत आणते, आणि प्रवाह थांबून पाणी उलटण्याच्या त्या थोड्या वेळात ते वर ओढून रिकामे करावे लागते. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, वाकटी ही त्याची मासळी. उधाणाच्या दिवसांत ओढ जोराची म्हणून डोलीचा धंदाही जोराचा. ओल्या, मासळीने भरलेल्या जाळ्याचे सारे वजन बोटीच्या एकाच काठावर येते, त्यामुळे डोलीला रुंद, जड, एका बाजूस ओढले तरी न कलणारी बोट हवी, आणि लाकडी बोटीची खरी सत्ता येथे आहे. सातपाटीच्या बाजूचा पापलेटचा धंदा मात्र गिलनेटचा. हे जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे सोडतात, बोट त्याच्या एका टोकास बांधून प्रवाहाबरोबर वाहू देतात, आणि पहाटेस ते उचलतात. त्यास जोरापेक्षा चपळाई, हातांपेक्षा चिकाटी आणि मासळी टिकविण्यास बर्फाचा चांगला खण अधिक लागतो. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला, तो त्याची लहान पिले बेसुमार मारली गेल्यामुळे पैदास धोक्यात आली असता. जो आज गिलनेट घेऊन निघणार आहे, त्याने आसाचे, म्हणजे जाळ्याच्या भोकाचे माप मोठे ठेवावे; बोट कितीही उत्तम घेतली तरी पाच-दहा वर्षांनी तिला भरावयास मासाच उरला नाही, तर ती कोणत्या कामाची?

माणसांचा प्रश्नही याला लागूनच आहे. चाळीस फुटांच्या डोलीच्या बोटीस नाखवा, तांडेल आणि खलाशी मिळून जितके हात लागतात, तितके घरातून मिळण्याचे दिवस राहिले नाहीत. ज्या तालुक्यात गोदामाच्या पाळीचे वेतन महिन्याच्या ठरल्या तारखेस हाती पडते, तेथे मुलगा समुद्राच्या बेभरवशाच्या वाट्यावर का जाईल, हा प्रश्न बाप मनातल्या मनात स्वतःलाच विचारतो. मासळीच्या उत्पन्नातून आधी डिझेल व बर्फ यांचा खर्च वजा होतो, मग बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, आणि उरेल त्यात माणसांचे वाटे. बोट जितकी मोठी तितके शेवटचे वाटे अधिक आणि प्रत्येकी लहान. बाहेरचे खलाशी ठेवले तर त्यांना हंगामाच्या आरंभीच उचल द्यावी लागते, आणि मासळी न लागलेल्या महिन्यात ती उचल नाखव्याच्या गळ्याशी येते. दोघे भाऊ आणि एक-दोन भाचे इतक्याच मनुष्यबळावर ज्याचे घर उभे आहे, त्याने मोठ्या डोलीच्या बोटीचा मोह धरू नये.

आता लाकूड आणि फायबर यांचा प्रत्यक्ष हिशेब. लाकडी बोटीचे तळाचे मुख्य लाकूड आणि त्यावर उभे केलेले वाक हाच तिचा सांगाडा. त्यावर फळ्या बसवितात, सांधे सुतवून राळेने बंद करतात, आणि दर पावसाळ्यात बोट वर ओढली की फळीन्‌फळी तपासावी लागते. एखादी फळी कुजली तर तेवढीच काढून नवी बसविता येते, आणि भर समुद्रात सांधा उघडला तरी सुताची वात व चरबी ठासून घरापर्यंत येता येते. तिचा खरा शत्रू लाकूड पोखरणारा खाऱ्या पाण्यातला किडा. परंतु गोड्या पाण्यात तो जगत नाही, आणि म्हणूनच पावसाळ्यात पुराचे गोडे पाणी वाहणाऱ्या अशा आतल्या खाडीत बोट आणून ठेवण्याची जुनी रीत तिच्या आयुष्याला वरदान ठरत असे. फायबरची बोट ही काचेच्या तंतूंचे थर रसायनात भिजवून साच्यावर चढविलेली असते. तिला सांधे नाहीत, ती पाणी पीत नाही, किडा तिला शिवत नाही, आणि त्याच लांबीच्या लाकडी बोटीहून ती पुष्कळ हलकी असल्यामुळे तेवढ्याच वेगास डिझेल कमी लागते. पण तिचे दोष नजरेआड राहणारे आहेत. थरांमध्ये हवा राहिली असेल तर ती वर्षानुवर्षे कळत नाही आणि एखाद्या आदळ्याने तडा जातो. दुरुस्तीला पृष्ठभाग कोरडा लागतो, म्हणून समुद्रावर किंवा भर पावसात ती होऊ शकत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते द्रव्य पाण्याहून जड असल्यामुळे बोट पाण्याने भरली तर ती बुडते. लाकडी बोट बुडतेच असे नाही, निदान तिच्या फळ्या माणसाला धरावयास मिळतात. फायबरच्या बोटीत दोन्ही टोकांस फेसाने भरलेले बंद कप्पे आहेत की नाहीत, हे घेणाऱ्याने झाकण काढून, हात घालून पाहिले पाहिजे. विकणाऱ्याच्या शब्दावर हा भरवसा ठेवू नये.

स्वातंत्र्यानंतर केरळात नव्या आराखड्याच्या बोटी आणल्या गेल्या, तर आपल्या आणि गुजरातच्या किनाऱ्यावर जुन्याच देशी घाटाच्या बोटींत यंत्रे बसविण्यात आली, आणि शिडाच्या जागी दोन, चार, सहा सिलेंडरांची भाषा आली. पण बोटीचे शरीर सुताराने पिढ्यान्‌पिढ्यांच्या डोळ्याने आखलेलेच राहिले. त्या डोळ्याचा वारस आज शोधावा लागतो. सातपाटी, वसई, उत्तन येथे लाकडी बोटीचे काम जाणणारे हात अजून आहेत, परंतु त्यांची मुले त्या धंद्यात क्वचितच दिसतात, आणि चांगला जुना साग तर सरकारी लिलावाखेरीज दृष्टीस पडत नाही. आज्ञापत्राने आरमारासाठी आंबा व फणस तोडू न देण्याची ताकीद दिली, कारण ती झाडे वाढण्यास रयतेला ती लेकरागत जतन करावी लागतात. त्या जाणिवेने लाकूड वापरले असते तर आजची टंचाई कदाचित इतक्या लवकर आली नसती. ज्या बोटीला पंधरा वर्षांनी फळी लागणार आहे, तिला फळी बसविणारा तेव्हा असेल का, हा विचार लाकडी बोट घेताना करावाच लागतो, आणि मला तो करताना मनापासून वाईट वाटते.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा लागू आहे व परवाना बोटीबरोबर तिच्या जाळ्याचाही असतो. डोलीच्या परवान्यावर दुसरे जाळे ओढता येत नाही. २००८ साली पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून मुंबईवर हल्ला झाला, त्यानंतर नोंदणी, ओळखपत्रे आणि बंदरातील तपासणी यांचा बंदोबस्त कडक झाला आहे. जुनी बोट घेताना तिच्या नोंदणीच्या दाखल्यावरील यंत्राचा क्रमांक आणि प्रत्यक्ष यंत्रावरील क्रमांक जुळतो का, तिच्यावर सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज थकलेले आहे का, हे न पाहता इसार दिला तर डिझेलवरील कराचा परतावाही अडतो आणि विमाही. यांत्रिक बोटींना १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस समुद्र बंद असतो. नारळी पौर्णिमेपूर्वी नाव लोटू नये ही जुनी प्रथा त्याहून शहाणी होती, कारण पौर्णिमा ऑगस्टमध्ये पुढे सरकली तर समुद्रालाही शांत होण्यास तेवढी सवड मिळे.

या सर्वांचा तोल करून माझे मत स्पष्ट सांगावयाचे, तर ज्याच्यापाशी डोलीचा परवाना, मुखाजवळ हक्काची जागा आणि सहा-सात भरवशाचे हात आहेत, त्याने जुनी लाकडी बोटच घ्यावी, मात्र विकणाऱ्याने वर्षानुवर्षे तिची काळजी घेतलेली असली पाहिजे. भिवंडीच्या काठी राहून, चार घरच्या माणसांवर, गिलनेट घेऊन निघणाऱ्याने फायबरची तीस-बत्तीस फुटांची बोट घ्यावी. पण ती सपाट तळाची, पाण्यावरून उडत जाणारी, बाहेर लटकणाऱ्या यंत्राची नको. साचा सातपाटीच्या जुन्या घाटावरून उचललेला, नाळ उंच, तळ पाण्याला कापणारा, यंत्र आत खाली बसविलेले आणि बर्फाचा खण मधोमध, म्हणजे भरली असताही तिचा तोल ढळणार नाही, अशी ती असावी. गलबताचे हलकेपण आणि गुराबेची रुंदी एकत्र आणावयाची ही जुनीच तजवीज आहे.

आणि सौदा पुरा करण्यापूर्वी विकणाऱ्यास एक दुपार मागावी. दसऱ्यानंतरच्या एखाद्या उधाणाच्या दिवशी, ओहोटी जोरात असता आणि वायव्येचा वारा उठला असता, खणात पुरा बर्फ, काठावर ओले जाळे आणि नेहमीची सर्व माणसे घेऊन ती बोट वसईच्या मुखाबाहेर काढावी, तेथे यंत्र काही वेळ बंद करून ती लाटांशी आडवी कशी बसते ते पाहावे, आणि परत येताना सुकाणू घरातल्या सर्वांत कमी अनुभवी माणसाच्या हाती द्यावे. विकणारा त्या दुपारीस राजी होत नसेल, तर किंमत कितीही उतरवून सांगितली तरी इसार देऊ नये.